दारावरची पाटी आणि आतली माणसे

(धायरी येथे नागरिकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



रुग्णालयातील संसर्ग, भेटीला येणाऱ्यांसाठीचे नियम आणि लसीकरण या विषयावर मी बोलावे, अशी आपली इच्छा आहे. मी डॉक्टर नाही. आयुष्याची चौतीस वर्षे मी सार्वजनिक रुग्णालयांत परिचारिका म्हणून काढली. ज्या दारावर 'भेटीची वेळ चार ते सहा, एका रुग्णाजवळ एकच नातेवाईक' अशी पाटी असते, त्या दाराच्या आत मी उभी राहिले आहे. माझ्या वडिलांच्या अखेरच्या आजारात त्याच पाटीसमोर दाराबाहेरही मी ताटकळले आहे. म्हणून या विषयाच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत, असे म्हणण्याचे धाडस करते.

हा विषय धायरीत बोलण्याला विशेष अर्थ आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या या पट्ट्यात, धायरी, नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, खडकवासला या परिसरात गुलियन बारी सिंड्रोम हे नाव घराघरांत पोहोचले. तोवर हे नाव वैद्यकाच्या पुस्तकात होते. पुढच्या काही आठवड्यांत पुणे परिसरातील संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. त्यांतले कित्येक अतिदक्षता विभागात होते, कित्येकांचा श्वास यंत्रावर चालला होता आणि काही जण दगावले. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. दूषित पाणी आणि अर्धवट शिजलेले अन्न, विशेषतः कोंबडीचे मांस, हे त्याचे नेहमीचे मार्ग. या जंतूने जुलाब झालेल्या हजार माणसांमागे साधारण एखाद्याला पुढे हा मज्जातंतूंचा आजार होतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. तेव्हा एका पट्ट्यात इतके रुग्ण एकदम दिसतात, तेव्हा त्यांच्यामागे पोट बिघडून घरीच बरी झालेली केवढी तरी माणसे असली पाहिजेत, हे कोणालाही उमजेल.

त्या वेळी पाण्याची जी चर्चा झाली ती आपण विसरला नसाल. उर्वरित धायरी ऑक्टोबर २०१७ मध्ये महानगरपालिकेत आली; नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावे २०२१ मध्ये आली. कराची बिले आली. परंतु शुद्धीकरण केंद्रातून गाळून आलेले पाणी मात्र या समाविष्ट गावांच्या सर्व नळांना मिळत नव्हते. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन मिसळायचे आणि ते सोडायचे, यावर बराच कारभार चालला होता. कॅम्पिलोबॅक्टर हा काही मोठा चिवट शत्रू नव्हे. तो पुरेशा क्लोरीनने मरतो, उकळल्याने मरतो. असा जंतू विसाव्या नव्हे तर एकविसाव्या शतकात, लसींच्या उत्पादनासाठी जगात नावाजलेल्या शहराच्या वेशीवर, माणसांना यंत्राला जखडून ठेवतो, ही शरमेची गोष्ट आहे.

आपण म्हणाल, पाण्याचा प्रश्न वेगळा आणि रुग्णालयाचा वेगळा. माझ्या मते तो एकच आहे. गुलियन बारीचा रुग्ण डोळ्यांसमोर आणा. शरीराची स्वतःचीच संरक्षण-यंत्रणा मज्जातंतूंवर उलटते. पायांतली शक्ती जाते, मग हातांतली. काहींच्या बाबतीत श्वासाचे स्नायूही थकतात आणि घशात नळी घालून यंत्र लावावे लागते. रुग्णाला बोलता येत नाही, बोट हलवता येत नाही. पण तो शुद्धीत असतो. त्याला सारे ऐकू येते, सारे समजते. यातले बहुतेक रुग्ण बरे होतात, पण त्याला आठवडे, कधी महिने लागतात. त्यांना इम्युनोग्लोब्युलिन हे औषध शिरेतून देतात. दर किलो वजनामागे दोन ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पाच दिवसांत एकशेवीस ग्रॅम. पाच ग्रॅमची एक कुपी धरली तर चोवीस कुप्या. एका कुपीची किंमत हजारांत मोजली जाते. कारखान्यात रोजंदारीवर जाणाऱ्याने हा हिशेब कसा जुळवायचा?

परंतु पैशाइतकाच मोठा धोका पुढे उभा असतो. घशातली नळी ही जंतूंसाठी फुफ्फुसात जाण्याची उघडी वाट असते. लघवीची नळी, शिरेतली सुई, एकाच कुशीवर पडून राहिल्याने पाठीला झालेले व्रण, या साऱ्या वाटांनी दुसरा आजार आत शिरतो. तो रुग्णाने घरून आणलेला नसतो, तो रुग्णालयात मिळतो. तो टाळायचा तर काय करावे लागते? दर दोन तासांनी कूस बदलायची. उशाकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश उंच ठेवायची. तोंड स्वच्छ ठेवायचे. घशातला स्राव निर्जंतुक नळीने ओढायचा. नळीची गरज संपताच ती काढायची. आणि या प्रत्येक कामाच्या आधी व नंतर हात धुवायचे. यातले एकही काम महागडे नाही. पण प्रत्येक कामाला माणूस लागतो. अतिदक्षता विभागात यंत्रावरच्या एका रुग्णामागे एक परिचारिका, हा मान्य दंडक आहे. तो किती ठिकाणी पाळला जातो, हे आपण स्वतः आत जाऊन मोजा.

सामान्य विभागात तर चित्र आणखी उघडे आहे. रात्रपाळीत चाळीस खाटा आणि दोन परिचारिका, अशा कित्येक रात्री मी काढल्या. बारा तासांची पाळी धरली तर त्या दोघींच्या मिळून चोवीस तासांत एका रुग्णाच्या वाट्याला छत्तीस मिनिटे येतात. त्यातच औषधे, इंजेक्शने, सलाइन, नोंदी, नवा दाखल झालेला रुग्ण, एखादा मृत्यू आणि त्याचे कागद. मग त्या रुग्णाला पाणी कोण पाजते? बेडपॅन कोण देते? कूस कोण बदलते? सलाइन संपत आले की धावत कोण येते? बायको, आई, भाऊ, सून. ज्याला पाटी 'भेटीला येणारा' म्हणते, तो आपल्या देशातल्या रुग्णालयाचा बिनपगारी कर्मचारी आहे. गुरख्याच्या दृष्टीने तो गर्दी असतो, आणि परिचारिकेच्या दृष्टीने, खरे सांगायचे तर, तो आधार असतो. दिवसा त्याला हाकलायचे आणि रात्री त्याच्यावाचून विभाग चालवायचा, अशी ही दुटप्पी व्यवस्था आहे.

या बिनपगारी कर्मचाऱ्याला आपण काय शिकवतो? काहीही नाही. एका रुग्णाची लघवीची पिशवी रिकामी केलेल्या हातानेच तो शेजारच्या म्हाताऱ्याला, बिचाऱ्याचे कोणी नाही म्हणून, मायेने पाणी पाजतो. त्याच्या मायेवर बोट ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण त्या मायेबरोबर जंतूही गेला, हे खरे आहे. दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर सतरंजी टाकून तो झोपतो. त्याला रात्री हात धुवायला जावे तर विभागाबाहेरचा नळ कोरडा, साबण कधीच गेलेला. अशा माणसाला संसर्ग पसरवल्याबद्दल दोष देणे म्हणजे तहानलेल्याला पाणी सांडल्याबद्दल दंड करण्यासारखे आहे.

मित्रहो, संसर्ग रोखण्याचे दोन मार्ग या पुण्याने एकाच वर्षी पाहिले आहेत. ते वर्ष १८९७. मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये ओळखली गेलेली प्लेगची साथ पुण्यात आली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि रँडच्या प्लेग समितीने लष्कराच्या साह्याने घरोघर झडत्या सुरू केल्या. रोगी शोधून वेगळे करणे हा हेतू वैद्यकीय दृष्टीने चुकीचा नव्हता. लोकमान्यांनीही विलगीकरणाला तत्त्वतः विरोध केला नाही. हिंदू प्लेग रुग्णालयाच्या उभारणीत त्यांनी भाग घेतला. पण शिपाई देवघरात शिरले, बायकांची अब्रू त्यांनी पाहिली नाही, लोकांचे सामान रस्त्यावर आणून जाळले. परिणाम असा झाला की लोक रोगी लपवू लागले आणि साथीला घरातच आसरा मिळाला. त्या वर्षाच्या २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडले, ते शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे.

दुसरा मार्गही त्याच वर्षीचा आणि त्याच पुण्यातला. सावित्रीबाई फुल्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या बाजूला माळरानावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई स्वतः रुग्णांना तेथे नेत. मुंढव्याच्या गायकवाडांच्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवले, असे सांगतात. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. त्यांच्या दवाखान्यातही रोगी गावापासून दूरच ठेवला जात होता. विलगीकरण दोन्हीकडे होते. पण तेथे रोग्याला उचलून नेणारा हात आपला होता, म्हणून लोक रोगी घेऊन येत. आणि येथे शिपायाचा बूट होता, म्हणून लोक रोगी लपवीत. नियम तोच असूनही माणसाची किंमत त्यात धरली की नाही, यावर त्याचे फळ ठरले.

तोच १८९७ चा कायदा मार्च २०२० मध्ये पुन्हा कपाटातून बाहेर निघाला. महाराष्ट्रातले पहिले करोनाबाधित ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले व डॉ. नायडू सांसर्गिक रुग्णालयात दाखल झाले. पुढे काय झाले ते मी सांगायला नको. भेटी बंद झाल्या, आणि त्या प्रारंभीच्या दिवसांत त्या बंद करणे आवश्यकही होते. पण आत गेलेल्या माणसाची खुशाली बाहेर कोण कळवणार, याची व्यवस्था बहुतेक ठिकाणी नियमाबरोबर आली नाही. कित्येकांना आपला माणूस गेल्याचे फोनवर कळले. जेथे परिचारिकांनी आपल्या स्वतःच्या फोनवरून रुग्णाचा चेहरा घरच्यांना दाखवला, तेथे तो चेहरा त्या घराला आजही पुरतो. भेटीचा नियम कडक असावा लागेल तेव्हा तो कडक असू द्या. पण जितकी भेट बंद, तितकी खबर उघडी, हे त्याचे दुसरे अंग मानले पाहिजे.

आता हातांविषयी. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टराने एक गोष्ट ताडली. ज्या विभागात वैद्यकीचे विद्यार्थी बाळंतपणे करीत, तेथे सुइणींच्या विभागापेक्षा कितीतरी अधिक बाळंतिणी तापाने मरत. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीकडे येत. क्लोरीनच्या द्रावणाने हात धुवायला लावताच मृत्यू झपाट्याने खाली आले. पण 'सभ्य गृहस्थाचे हात घाण असू शकतात' हे त्या काळच्या प्रतिष्ठित डॉक्टरांना पचले नाही. सेमेलवाइसची नोकरी गेली.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगते. आपल्याकडे दवाखान्यात पाऊल ठेवताच पाटी दिसते, 'चपला बाहेर काढा'. अनवाणी पायांनी आत जावे तर हात धुण्यासाठी बेसिन कोठेच नाही! सामान्य विभागात जंतू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातो तो मुख्यतः हातांनी. चपलांची पाटी वाचते ती रुग्णाची बायको. हातांची पाटी वाचायची असते ती तिच्यासकट मोठ्या डॉक्टरांनीही. म्हणून पहिली पाटी सर्वत्र असते आणि दुसरीचा आग्रह कोणी धरत नाही. रुग्णाला स्पर्श करण्याआधी, कोणतीही निर्जंतुक क्रिया करण्याआधी, शरीरातील स्राव हाताला लागल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या खाटेला वा आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर, अशा पाच वेळा जागतिक आरोग्य संघटनेने सांगितल्या आहेत. त्या पदवीनुसार बदलत नाहीत. जुलाब-उलट्यांच्या रुग्णाजवळ तर नुसते सॅनिटायझर पुरत नाही. साबण आणि वाहते पाणीच लागते. म्हणजे फिरून आपण पाण्याशी आलो. ज्या इमारतीला दुपारनंतर टँकर लागतो, त्या इमारतीतल्या दवाखान्यात हात कशाने धुवायचे?

लसीकरणाकडे वळते. लस म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर बाळ येते. पण रुग्णालयात लसीची सर्वांत निकड कोणाला असते? जो कचरा उचलतो त्याला. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम स्पष्ट सांगतात की, असा कचरा हाताळणाऱ्या सर्व कर्मचाऱ्यांना आणि इतरांनाही हेपॅटायटिस-बी व धनुर्वात यांसारख्या रोगांविरुद्धची लस देणे ही त्या रुग्णालयाची जबाबदारी आहे. त्यात कायम आणि कंत्राटी असा भेद नाही.

मी एका रुग्णालयात असताना आमच्या विभागात झाडलोट करणाऱ्या एका मावशींना पिवळ्या पिशवीत कोणी चुकून टाकलेली सुई बोटात घुसली. मी त्यांना घेऊन कार्यालयात गेले. उत्तर मिळाले, 'त्या आमच्या नव्हेत, कंत्राटदाराच्या आहेत.' कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, 'रुग्णालयात टोचली, रुग्णालयाने बघावे.' हेपॅटायटिस-बीच्या लसीच्या तीन मात्रा असतात. पहिली, एका महिन्याने दुसरी आणि सहाव्या महिन्यात तिसरी. मावशींना त्यांतली एकही मिळालेली नव्हती, आणि त्या तेथे सात वर्षे काम करीत होत्या! अखेर एका तरुण डॉक्टराने आपल्या जबाबदारीवर उपचार सुरू केले आणि सुदैवाने त्या बचावल्या. पण सुदैव ही काही आरोग्यव्यवस्था नव्हे. त्या दिवशी मला कळून चुकले की, सुई टोचताना कंत्राट बघत नाही. कंत्राट बघतो तो आपला समाज.

लसीच्या बाबतीत लोकांच्या मनात शंका असतात. त्यांना अडाणी म्हणून मोडीत काढणे मला मान्य नाही. प्लेगची लस हाफकिन यांनी मुंबईत तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल या खेड्यात ही लस घेतलेल्यांपैकी एकोणीस माणसे धनुर्वाताने मेली. दोष हाफकिन यांच्या माथी आला, त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढे निष्पन्न झाले ते असे की, मेलेल्या सर्वांना एकाच बाटलीतून लस टोचली होती, आणि ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ मध्ये मुंबईच्या त्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. लस चांगली होती, पण ती देण्यातली स्वच्छता चुकली. लसीकरण आणि संसर्गप्रतिबंध ही दोन वेगळी खाती नव्हेत, हे आपल्याला तेव्हाच शिकायला मिळाले आहे.

धायरीकरांच्या मनात याहून जवळची एक शंका आहे आणि ती मला अनेकांनी विचारली आहे. 'हा गुलियन बारी लसीमुळे तर आला नाही ना?' याचे उत्तर लपवाछपवी न करता दिले पाहिजे. होय, काही लसींनंतर अगदी क्वचित हा आजार झाल्याचे दिसले आहे. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या लसीनंतर सुमारे लाखात एक जादा रुग्ण आढळला आणि ती मोहीम थांबवण्यात आली. करोनाच्या लसींपैकी ज्या प्रकारात कोव्हिशील्ड मोडते, त्या प्रकारानंतरही अत्यंत विरळा असा दुष्परिणाम म्हणून युरोपच्या औषध-नियामकांनी २०२१ मध्ये त्याची नोंद केली. परंतु २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावर जे घडले, ते जुलाबानंतर घडले, एका ठराविक पट्ट्यात घडले आणि रुग्णांच्या तपासणीत जंतू सापडला. लस तर साऱ्या देशाने घेतली होती. पाणी मात्र या पट्ट्याचे होते. लाखात एकाचा धोकाही लोकांना आधी सांगितला, तर उरलेल्या लाखाचा विश्वास बसतो. तो लपवला की एका अफवेने सारा विश्वास वाहून जातो.

सक्तीविषयीही हेच. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की कोणालाही लस घेण्याची जबरदस्ती करता येणार नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी निर्बंध घालण्याचा अधिकार शासनाला आहे. मला हा तोल योग्य वाटतो. ज्या परिचारिकेला वा सफाई कामगाराला लस द्यायची, तिला ती कामाच्या वेळात, कामाच्या जागी, मोफत द्या. ताप आला तर दुसऱ्या दिवशीची मजुरी कापू नका. मग पाहा किती जणी नाकारतात. रोजंदारीवरच्या बाईला लसीपेक्षा बुडणाऱ्या रोजाचे भय अधिक असते. तिच्या भयाला आपण अज्ञान असे नाव देतो.

आतापर्यंत व्यवस्थेला चार शब्द सुनावले. आता आपल्यालाही सुनावते, कारण एकाच बाजूला बोल लावणे हा प्रामाणिकपणा नव्हे.

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणे हे कर्तव्य समजले जाते. कोण आले आणि कोण आले नाही, याची वर्षानुवर्षे नोंद ठेवली जाते. त्यामुळे गावाकडून जीप भरून माणसे येतात. खाटेवर बसतात, रुग्णाच्या हातात शहाळे देतात, सोबत सर्दीने वाहणारे पोर असते. बाळंतिणीच्या खोलीत तर विचारूच नका! पाच-दहा माणसे तान्ह्या बाळाच्या गालाचे मुके घेऊन जातात. त्या बाळाला डांग्या खोकल्याविरुद्धची पहिली लस सहाव्या आठवड्यात मिळायची असते. तोवर ते सर्वस्वी आपल्या समंजसपणावर सोपवलेले असते. ज्याला खोकला, ताप किंवा जुलाब आहेत, त्याने भेटीला न जाणे हेच त्याचे प्रेम. लांबून आलेल्याने रुग्णाऐवजी त्याच्या बाहेर बसलेल्या बायकोला भेटावे. तिला जेवण द्यावे, तासभर घरी जाऊन अंघोळ करून येऊ द्यावे. यासारखी दुसरी भेट नाही.

आणि नेत्यांविषयी. साथ आली की रुग्णालयात पाहणीचे दौरे निघतात. दहा कार्यकर्ते, दोन छायाचित्रकार आणि फळांची टोपली अतिदक्षता विभागात शिरते. ज्या गुरख्याने सकाळी एका आईला अडवलेले असते तोच सलाम करून दार उघडतो. हा पक्षाचा प्रश्न नाही. सर्वच पक्ष यात आले, आपलेही आले. सामान्य माणसाला नियमाविषयी चीड येते ती नियम कडक आहे म्हणून नव्हे, तर तो त्याच्या एकट्यासाठी आहे म्हणून. मंत्र्याने दारातच थांबून काचेतून चौकशी केली, तर त्या एका कृतीने दहा पाट्यांचे काम होईल.

तेव्हा धायरीने काय मागावे? माझे म्हणणे थोडक्यात मांडते. पहिले, समाविष्ट गावांतल्या प्रत्येक नळाला शुद्धीकरण केंद्रातले पाणी, आणि त्याच्या तपासणीचे आकडे प्रत्येक वस्तीत फलकावर. दुसरे, या भागातल्या प्रत्येक दवाखान्यात व रुग्णालयात, सरकारी असो वा खासगी, विभागाच्या दारातच चालू नळ आणि साबण. तिसरे, रुग्णाजवळ राहणाऱ्या एका नातेवाइकाला ओळखपत्र, बसायला जागा, आणि दाखल होतानाच अर्ध्या तासाचे शिक्षण: हात कधी धुवायचे, कूस कशी बदलायची, कशाला हात लावायचा नाही. चौथे, जेथे भेट बंद तेथे रोज ठरलेल्या वेळी घरच्यांना डॉक्टरांकडून माहिती. पाचवे, कंत्राटी सफाई कामगार, वॉर्डबॉय, आया यांच्या लसींची नोंदवही, आणि ती पाहण्याचा कामगारांच्या प्रतिनिधीला अधिकार. सहावे, परिचारिकांच्या रिकाम्या जागा भरणे. या शेवटच्या मागणीवाचून बाकीच्या पाच कागदावरच राहतील, हे चौतीस वर्षांच्या अनुभवाने सांगते.

या मागण्या घेऊन जाल तेव्हा उत्तर मिळेल, 'निधी नाही.' त्या वेळी त्यांना ती चोवीस कुप्यांची बेरीज दाखवा. एका गल्लीचे पाणी गाळण्याचा खर्च आणि त्या गल्लीतला एक रुग्ण महिनाभर यंत्रावर ठेवण्याचा खर्च, हे दोन आकडे शेजारी मांडायला सांगा. पहिला खर्च सार्वजनिक असतो म्हणून तो अंदाजपत्रकात डोळ्यांत भरतो. दुसरा एकेका घराने दागिना मोडून, कर्ज काढून केलेला असतो. म्हणून तो कोणाच्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. तो दिसू लागेल असे करणे हे आपले, चळवळीतल्या माणसांचे काम आहे.

शेवटी एक आठवण सांगून थांबते. श्वास-यंत्रावर असलेल्या एका रुग्णाची बायको रोज चारच्या ठोक्याला येई. ती हात धुई, मुखपट्टी बांधी, खाटेपासून हातभर अंतरावर उभी राही आणि त्याला दिवसभरातल्या गोष्टी सांगे. दुधाचे बिल भरले, धाकटीला गणितात चांगले गुण मिळाले. त्याला पापणीखेरीज काही हलवता येत नव्हते. पहिल्या दिवशी तिला दारात अडवले होते, तेव्हा ती भांडली होती. मी तिला आत नेऊन बेसिन दाखवले, हात कसे धुवायचे ते शिकवले, आणि का धुवायचे तेही सांगितले. त्यानंतर एकदाही तिला नियम सांगावा लागला नाही. उलट घाईघाईने आलेल्या एका डॉक्टरांना तिनेच एकदा म्हटले, 'साहेब, हात राहिले.' डॉक्टर क्षणभर थबकले, आणि बेसिनकडे वळले.

ते म्हणण्याचे बळ तिच्या अंगी आले, ते तिला नियमाचे कारण कोणी सांगितले म्हणून. धायरीतल्या प्रत्येक घरात असे एक माणूस तयार व्हावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.